रात्रपाळी करणाऱ्यांच्या सवयी: झोप, डबा, औषधे आणि घरचा रस्ता

'डॉक्टर, तब्येत सांभाळायची आहे, पण माझी ड्युटी रात्रीची. मग काय करू?' हा प्रश्न तपासणीच्या खोलीत वारंवार येतो. विचारणारे कधी चाकणच्या कारखान्यातले कामगार असतात, कधी हिंजवडीतल्या कॉल सेंटरमधली मुलेमुली, कधी रुग्णालयातल्या परिचारिका, सुरक्षारक्षक, पोलीस, एसटीचे चालक. लवकर झोपा, पहाटे उठा, सकाळी फिरायला जा, रात्रीचे जेवण आठच्या आत घ्या, हे सल्ले त्यांनी शंभरदा ऐकलेले असतात. त्यांतला एकही त्यांच्या वेळापत्रकात बसत नाही. मग बरेच जण 'नोकरी आहे तोपर्यंत असेच चालायचे' असे म्हणून सगळेच सोडून देतात.

हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. रात्रपाळी शरीराला सोयीची नाही हे खरेच आहे आणि कुठल्याही सवयीने ती पूर्णपणे निरुपद्रवी होत नाही. पण चार-पाच गोष्टी ठरवून केल्या, तर झोप बरी लागते, कामात चुका कमी होतात, साखर आणि रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते आणि सकाळी घरी सुखरूप पोहोचता येते. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीवर, म्हणजे झोप आणि घरचा रस्ता यांवर, मी जास्त लिहिणार आहे. एखाद्याला एवढेच जमणार असेल, तर या दोन गोष्टी आधी जमवाव्यात.

रात्री जागल्यावर शरीरात काय होते?

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वरच्या बाजूला, पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. तो शरीराचे मुख्य घड्याळ. झोप केव्हा यावी, तापमान केव्हा उतरावे, कोणते संप्रेरक केव्हा स्रवावे, हे तो ठरवतो. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांच्या पेशींतही अशी छोटी घड्याळे असतात. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते हे उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लावले जाते. तुमची पाळी बदलली म्हणून ते लगेच बदलत नाही. तुम्ही रात्री कामावर जाता, पण सकाळचे ऊन आणि सुट्टीच्या दिवसाचा घरचा दिनक्रम त्याला पुन्हा दिवसावर ओढून आणतो. त्यामुळे वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांचेही शरीर बहुधा पूर्ण 'रात्रीचे' होत नाही. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि जाग राहणे सर्वांत अवघड असते. याच वेळेत हात चुकतो, आकडा चुकीचा लिहिला जातो, इंजेक्शनची बाटली दोनदा वाचावी लागते. यात आळशीपणा किंवा कामचुकारपणा नाही, हे आधी स्वतःशी मान्य करा. वरिष्ठांनीही केले तर बरे.

अनेक वर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत वजन वाढणे, टाइप २ मधुमेह, हृदयविकार आणि पोटाच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळतात. कर्करोगाबद्दलही तुम्ही वाचले असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. म्हणून ही ओळ वाचून घाबरून नोकरी सोडू नका. पण तंबाखू, मिश्री, सिगारेट सोडायला हे आणखी एक कारण आहे, कारण तो धोका रात्रपाळीच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आणि पूर्णपणे तुमच्या हातातला आहे. जाग राहण्यासाठी तंबाखूची गोळी लावणारे कामगार मी रोज पाहतो.

सवय लागायला किती दिवस?

'एकवीस दिवस केले की सवय लागते' असे सर्रास म्हटले जाते. त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट, म्हणजे जेवणाबरोबर फळ खाणे किंवा थोडे चालणे, ठरावीक प्रसंगाला जोडून करायला सांगितली. ती आपोआप होऊ लागायला लागलेल्या काळाचा मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसे काही बिघडले नाही, हेही त्यात दिसले.

यातले 'ठरावीक प्रसंगाला जोडून' हे शब्द पाळीवाल्यांसाठी महत्त्वाचे आहेत. तुमच्या बाबतीत घड्याळातली वेळ दर आठवड्याला बदलते, म्हणून 'रोज सकाळी सात वाजता' अशी सवय टिकत नाही. पण प्रसंग बदलत नाहीत. कामावर निघणे, डबा उघडणे, पाळी संपल्यावर हजेरी लावणे, घरी चप्पल काढणे, झोपून उठणे हे प्रत्येक पाळीत असतेच. सवय त्यांना बांधा. 'उठलो की आधी गोळी, मग चहा.' 'हजेरी लावली की गाडीला किल्ली लावण्याआधी स्वतःला विचारायचे, झोप येतेय का?' वाक्य असे ठरलेले असले, की दर वेळी मनाशी झगडावे लागत नाही. पहाटे थकलेल्या मेंदूकडून नवा निर्णय घेण्याची अपेक्षाच ठेवू नका.

आणि एकदम पाच सवयी सुरू करू नका. पहिला महिना फक्त झोप.

दिवसाची झोप ही तुमची रात्र आहे

मोठ्या माणसांना २४ तासांत किमान ७ तास झोप लागते. रात्रपाळीवाल्यांना बहुतेकदा ५ ते ६ तासच मिळते. एक कारण शरीराचे घड्याळ, दुसरे कारण घर. दूधवाला, भाजीवाला, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचे बांधकाम, कुरिअर, 'फक्त दोन मिनिटे उठ' म्हणून मारलेली हाक. एवढे सगळे चालू असताना तुकड्या-तुकड्यांनी झालेली सहा तासांची झोप सलग सहा तासांच्या बरोबरीची नसते.

पाळी सातला संपत असेल, तर शक्यतो साडेआठ-नऊपर्यंत अंथरुणावर जा. घरी आल्यावर मोबाइल, बातम्या, बँकेचे काम असे करत अकरा वाजवले, की शरीर पुन्हा 'दिवसात' शिरते आणि झोप उडते. खोली काळोखी करा. जाड पडदे नसतील तर खिडकीला गडद चादर किंवा जुनी सतरंजी लावली तरी काम भागते, नाहीतर डोळ्यांवर काळी पट्टी. कानात मऊ बोळे आणि पंख्याचा एकसारखा आवाज बाहेरचे आवाज झाकतो. फोन बंद ठेवणे शक्य नसेल तर फक्त घरच्या दोन नंबरांचीच घंटी वाजेल अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती लावा.

सलग सात तास जमतच नसतील तर दोन भाग करा: सकाळी साडेचार-पाच तास, आणि संध्याकाळी कामाला निघण्यापूर्वी दीड-दोन तास. हेही चालते. वाईट काय, तर 'आज चार तास झाले, उद्या भरून काढू' हा हिशेब, कारण तो उद्या सहसा येत नाही.

पहिल्या रात्रीला विशेष जपा. दिवसपाळीतून किंवा सुट्टीतून रात्रपाळीत जाताना लोक सकाळी सातला उठलेले असतात, दिवसभर कामे उरकतात आणि रात्री अकराला कामावर हजर होतात. दुसऱ्या दिवशी पाळी संपेपर्यंत सलग २४ तास जाग झालेली असते. त्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोप काढणे हा आळस नसून कामाचीच तयारी आहे.

सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर राहायचे असते, आणि राहावे. पूर्ण उलटे वेळापत्रक ठेवा असे मी कुणाला सांगत नाही, कारण कुणीही ते पाळत नाही. पण निदान चार तासांची झोप कामाच्या आणि सुट्टीच्या दोन्ही दिवसांत समान वेळेत पडेल असे पाहा. कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी तीन झोपत असाल, तर सुट्टीच्या रात्री जरा उशिरा झोपून सकाळी उशिरापर्यंत झोपलात, तर हा दुवा बऱ्याच अंशी राहतो. पाळ्यांचा क्रम ठरवणे तुमच्या किंवा तुमच्या युनियनच्या हातात असेल, तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम मागा. आपले अंतर्गत घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असते, त्यामुळे झोप पुढे ढकलणे त्याला मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते.

झोपेसाठी दारू घेऊ नका. तिने डोळा लवकर लागतो, पण नंतरची झोप मोडत राहते. झोपेच्या गोळ्याही दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका.

घरच्यांनी काय करायचे?

'दिवसा झोपणे चांगले नाही' हे आपल्याकडे घराघरांत ऐकू येते. रात्री झोपलेल्या माणसासाठी ते ठीक आहे. रात्रभर जागलेल्या माणसाला मात्र आयुर्वेदानेही दिवसा झोपण्याची मोकळीक दिलेली आहे, हे घरातल्या आजी-आजोबांना जरूर सांगा.

रात्री दोन वाजता तुम्ही ज्या कामासाठी कुणाला उठवणार नाही, त्या कामासाठी रात्रपाळीवाल्याला सकाळी अकराला उठवू नका. दाराला 'बेल वाजवू नये' अशी चिठ्ठी लावा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. लहान मुलांना 'बाबांची आता रात्र आहे' हे चटकन कळते. मोठ्यांनाच ते समजवावे लागते.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. रात्रपाळीवरून आलेला पुरुष झोपायला जातो आणि रात्रपाळीवरून आलेली बाई ओट्यापाशी उभी राहते, हे चित्र मी अनेक परिचारिकांच्या घरी पाहिले आहे. मुलांचे डबे, सासऱ्यांचा नाश्ता, धुणे, मग बारा वाजता तासभर पडणे, तीनला मुले शाळेतून परत. अशा बाईला चक्कर, डोकेदुखी, चिडचिड होते म्हणून आणले जाते आणि टॉनिक मागितले जाते. त्याआधी तिला सकाळचे सात तास द्या. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाक कुणी करायचा हे घरात बसून आधीच ठरवा.

डुलकी आणि चहा

मधल्या सुट्टीत झोपायची परवानगी आणि जागा असेल, तर १५ ते २० मिनिटांची डुलकी पहाटेची सतर्कता सुधारते. गजर लावूनच झोपा. पाऊण तास, तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि नंतर काही वेळ डोके जड राहते. उठल्या-उठल्या यंत्रावर किंवा रुग्णाच्या औषधांवर हात घालू नका. तोंड धुवा, दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्या.

चहा-कॉफीतले कॅफिन शरीरातून निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे पहाटे चारला घेतलेल्या कडक कॉफीतले निम्मे कॅफिन सकाळी नऊला, तुम्ही झोपायला जाता तेव्हा, अंगात असते. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या, दोन-अडीचनंतर थांबा. डुलकी घेण्याच्या अगदी आधी अर्धा कप प्यायलात तर उठेपर्यंत तिचा परिणाम सुरू होतो, ही युक्ती बऱ्याच जणांना लागू पडते. टपरीवरच्या प्रत्येक कपात किती साखर जाते तेही मोजा. रात्रीतून पाच कप म्हणजे साखर नकळत बरीच होते.

डब्याचे गणित

तेच जेवण दिवसा आणि मध्यरात्री घेतले, तर मध्यरात्री रक्तातली साखर जास्त वर चढते. स्वादुपिंडाचीही ती विश्रांतीची वेळ असते. म्हणून मुख्य जेवण कामाला निघण्यापूर्वी, साडेआठ-नऊपर्यंत घरीच करून निघा. डबा हलका ठेवा: मुगाची उसळ आणि एक भाकरी, उकडलेली अंडी, फुटाणे-शेंगदाणे, काकडी-गाजर, ताक, एखादे फळ. तो शक्यतो बाराच्या आसपास खा. पहाटेच्या वेळी भूक वाटते ती अनेकदा झोपेची असते. तेव्हा आधी पाणी प्या, दोन जिने चढून-उतरून या.

कॅन्टीनमध्ये पहाटे गरम वडापाव आणि भजीच मिळतात ही तक्रार खरी आहे, आणि डबा न नेणाऱ्याला दुसरा पर्याय नसतो हेही खरे. म्हणून सवय डब्याची लावा, वडा न खाण्याची नव्हे. सकाळी घरी आल्यावर पोटभर पोहे-मिसळ खाऊन लगेच आडवे झाले की छातीत जळजळ होते. झोपेआधी एखादी पोळी-भाजी किंवा दूध एवढे पुरते. अगदी उपाशी झोपलात तर अकरा वाजता भूक उठवते.

मधुमेहाची औषधे चालू असतील तर जेवणाच्या वेळा स्वतःहून बदलू नका, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

घरचा रस्ता

या लेखातला सर्वांत तातडीचा भाग हा आहे. मधुमेह व्हायला वर्षे लागतात, अपघाताला चार सेकंद पुरतात.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्यासाठी ठरवलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहिल्या रात्रपाळीनंतर २४ तास जागून दुचाकीवर बसणारा माणूस कोणत्या अवस्थेत आहे याचा यावरून अंदाज घ्या. फरक एवढाच, की त्याला कुणी नळीत फुंकायला सांगत नाही.

झोप अनावर झाली की मेंदू काही सेकंदांपुरता बंद पडतो. डोळे उघडे असले तरीही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चार सेकंदांत ६५ मीटरहून जास्त पुढे जाते, आणि ते अंतर चालवणारा कुणीच नसतो. वारंवार जांभया, मान डुलणे, मागचा चौक केव्हा गेला ते न आठवणे, गाडी रस्त्याच्या कडेला सरकणे ही शेवटच्या क्षणाची लक्षणे आहेत. काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा परिणाम काही मिनिटेच टिकतो.

पाळीच्या आठवड्यात कंपनीची बस असेल तर तीच घ्या, वीस मिनिटे जास्त लागली तरी. बस नसेल तर ज्याला झोप झाली आहे अशा सहकाऱ्याबरोबर जा. स्वतःच चालवावे लागणार असेल तर निघण्यापूर्वी कामाच्या जागीच २० मिनिटे डुलकी घ्या, मग दहा मिनिटे थांबून निघा. रस्त्यात डोळे मिटू लागले तर 'आता पाचच किलोमीटर राहिलेत' असे म्हणू नका. सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि झोपा. उन्हामुळे झोप उडू नये म्हणून काहीजण घरी येताना काळा चष्मा लावतात. तो बसमध्ये लावा, झोप येत असताना गाडी चालवताना नको.

घरच्यांनी 'अजून कसा आला नाहीस, लवकर ये' असे फोन करू नयेत. उलट 'झोप येत असेल तर थांब, आम्ही वाट बघतो' हे एकदा स्पष्ट सांगून ठेवावे. मुलाला शाळेत सोडायचे आहे म्हणून घाईने निघालेले किती तरी जण असतात. ते काम त्या आठवड्यापुरते दुसऱ्या कुणावर सोपवा.

औषधांची 'सकाळ' कोणती?

चिठ्ठीवर 'सकाळी १, रात्री १' लिहिलेले असते. लिहिणाऱ्या डॉक्टरला तुम्ही रात्री काम करता हे माहीत नसेल, तर ती चिठ्ठी तुमच्यासाठी अपुरी आहे. पुढच्या भेटीत तुमचे पाळीचे वेळापत्रक कागदावर लिहून न्या आणि प्रत्येक गोळी रात्रपाळीत व दिवसपाळीत किती वाजता घ्यायची ते त्याच कागदावर लिहून घ्या.

मधुमेहात हे सर्वांत महत्त्वाचे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाच्या हिशेबाने दिलेले असते. सकाळी घरी येऊन गोळी घेतली आणि न खाता झोपून गेलात, तर झोपेतच साखर उतरू शकते. जागा माणूस थरथर, घाम, धडधड ओळखतो. झोपलेला ओळखत नाही, आणि 'रात्रभर जागला आहे, झोपू दे' म्हणून घरचेही उठवत नाहीत. म्हणून घरच्यांनी लक्षात ठेवावे: झोपेत अंग घामाने चिंब झाले असेल, बरळणे चालू असेल, हलवूनही नीट जाग येत नसेल, तर ती साधी झोप समजू नका. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी साखर तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. असा प्रसंग एकदाही घडला असेल तर औषधाची मात्रा आणि वेळ बदलावी लागते. डॉक्टरांना त्याच आठवड्यात भेटा.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, सूर्योदयाला नव्हे. दुपारी चारला उठत असाल तर उठल्यावर, चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, ती घेता येते का हे विचारा. बहुतेकांना रोज 'उठल्यावर' हा प्रसंग पाळणे सोपे जाते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवा.

अपस्मार असलेल्यांना जागरणाने झटका येऊ शकतो. ज्यांना मूड खूप वर-खाली होण्याचा आजार, म्हणजे बायपोलर आजार आहे, त्यांचाही आजार झोप मोडल्याने उलटू शकतो. अशा रुग्णांना शक्यतो रात्रपाळी नको. नोकरी जाईल या भीतीने आजार लपवला जातो हे मला ठाऊक आहे, पण दिवसपाळी देण्याबाबतचे वैद्यकीय पत्र मागायला संकोच करू नका. ते लिहून देणे हे आमच्या कामाचाच भाग आहे. गरोदरपणातही रात्रपाळीबद्दल आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी सुरुवातीलाच बोला.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. कामावर जाताना दुकानातून 'सर्दीची एक गोळी' घेण्यापूर्वी त्याने झोप येते का हे विचारा.

तपासण्यांची वेळ

'उपाशीपोटीची' साखर म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही न घेता केलेली तपासणी. रात्री दोनला डबा आणि पाचला चहा घेऊन सकाळी आठला दिलेले रक्त उपाशीपोटीचे नसते. तो आकडा पाहून औषध वाढवले जाऊ शकते. ही तपासणी सुट्टीच्या दिवशी, रात्री झोपून उठल्यावर करा. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी कुठल्याही वेळी चालते. रक्तदाब पाळी संपवून धावतपळत येऊन मोजू नका. झोप झाल्यावर, पाच मिनिटे शांत बसून, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू न घेता मोजा आणि आकड्याशेजारी वेळ व पाळी लिहा.

व्यायाम

आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे हे प्रमाण तुम्हालाही लागू आहे, पण सकाळी पाळी संपवून व्यायामशाळेत जाऊ नका. झोपून उठल्यावर, कामाला निघण्यापूर्वी अर्धा तास चाला. त्या निमित्ताने थोडे ऊनही मिळते. झोप आणि व्यायाम यांत एकच जमणार असेल, त्या दिवशी झोप घ्या.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

झोपेला पुरेसा वेळ आणि काळोखी खोली देऊनही महिनाभर झोप लागत नसेल, किंवा कामावर अनावर झोप येत असेल. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणे, उठल्यावर डोके दुखणे असेल. हा झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि वाहनचालकांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये. वजन, साखर किंवा रक्तदाब वाढत चालला असेल. उदास वाटणे, कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले असेल. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर एकही दिवस थांबू नका, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर 'जागरणाचे पित्त' समजून घरी जाऊन झोपू नका, तिथूनच थेट रुग्णालयात जा. आणि गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल, तर ती गोष्ट घरी आणि डॉक्टरांना, दोघांनाही सांगा.